बाबा आमच्याआधी हसले

मु. मूल, रविवार, जानेवारी २००७

अजून अंगावर काटा येतोय. एवढ्याशा अक्षरांनी हे केलं?

खाणीतल्या सुरुंगांनी बाबांचे कान गेले, तेव्हापासून त्यांनी नाटक बघणंच सोडलं होतं. म्हणून गावच्या नाटकाच्या व्हिडिओखाली मीच सगळे संवाद टाइप केले. पहिल्या डीव्हीडीत अक्षरंच दिसेनात, कारण प्लेअर संवादांची वेगळी फाइल वाचतच नाही. आज अक्षरं चित्रातच पक्की बसवून दुसरी काढली. माझ्या चुकीने अक्षरं आवाजाच्या जरा आधीच उमटत होती.

संध्याकाळी नटाने तोंड उघडायच्या आतच बाबा खो-खो हसले. आई आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

बाबा आमच्याकडे वळले. "काऊन? तुमाले ऐकू नाई येऊन राह्यलं?"