मामाची मांडी

रविवार, दिवेलागण

मैंदर्गीत आज अक्काच्या पोराचं जावळ झालं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसवतात आणि त्याला मामा एकटा मीच. मी मात्र इथं सोलापुरात, राउटरच्या हिरव्या दिव्यासमोर.

कंपनीची वेब सर्व्हिस फक्त माझ्या घरच्या इंटरनेटचा पत्ता ओळखते. दुसरीकडून कुणीही आलं तरी आत घेत नाही. सुरक्षा म्हणे! महिनाअखेरचा रिपोर्ट तिच्याकडूनच डेटा ओढतो, म्हणून आज मला घर सोडता येईना. दुसरा एखादा पत्ता जोडा म्हणून मॅनेजरच्या किती विनवण्या केल्या. "सिक्युरिटीवाले नाही म्हणतात. आणि तू असतोसच की घरी."

असतोसच की!

आई कालच मैंदर्गीला गेली. सकाळी तिचा फोन, "ते हिरव्या दिव्याचं डबडं पिशवीत घालून आण की रे हिकडं, त्यात काय हाय?" डबडं येईल गं, पत्ता कसा येईल? दसऱ्याला तिनंच त्याला विभूती लावली होती, घर राखतंय म्हणून. हिरव्या दिव्यावर ते तीन पट्टे अजून आहेत. राखतंय खरं. मलाच.

दुपारी रिपोर्ट गेला. मग अक्कानं फोटो पाठवला. न्हावी वस्तरा घेऊन बसलाय, पोर रडतंय, आणि मांडी कुणाचीच नाही. पाटावर माझा निळा शर्ट घडी करून ठेवलाय, त्यावर पोर बसवलंय.

जावळाला शर्ट चालला. रिपोर्टला मात्र मीच लागलो.

पण हा शर्ट तिकडं गेला कधी? आईनंच नेला असणार. म्हणजे निघतानाच तिला ठाऊक होतं.

तरी सकाळी फोन केला तिनं.