चोचीतलं गांडूळ

रविवार, दिवेलागण

पंख्याखाली बसलेय तरी चैन नाही. सकाळी औंढ्याजवळच्या तळ्यावर गेले होते. काठच्या रानात नवरंग पक्षी दिसला, पण पाठमोरा, झुडपात. चोचीत गांडूळ होतं, म्हणजे जवळच पिल्लं असणार. मला समोरून फोटो पाहिजे होता, म्हणून मोबाइलवर नवरंगाचीच शीळ लावली. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं वाटून तो गांडूळ टाकून उघड्यावर आला, ओरडत. मी फोटो काढले आणि तळ्यावरच्या पाणकोंबड्या बघायला निघून गेले.

चारला त्याच झुडपाजवळून परतले. सकाळपासून तिथंच शेळ्या चारणारे रहीमचाचा म्हणाले, "मॅडम, ते पाखरू तवापासून वरडूनच राहिलं. चारा नेताना एकदा बी दिसलं न्हाई. काहून बोलावलं त्याला?"

नसलेल्या नराला तो दिवसभर हाकलत होता आणि मी सावलीत डबा खात होते. पिल्लांना मादीने तरी भरवलं असेल ना? ते गांडूळ सारखं डोळ्यांपुढे येतंय.

मघाशी फोटो मोठा करून पाहिला. एकदम लख्ख आलाय, पोटाखालचा लाल रंगसुद्धा. चोच उघडी आहे. रिकामी.