पाकिटात ठेवलेलं मत

आई,

परवा मतदान झालं. मी सकाळपासून शाळेबाहेरच्या लिंबाखाली बसून होते. आता आपल्या भागातली काही पोरंपोरी असं बसतात. कोणाला दारातून परत लावलं, कोणाच्या नावावर आधीच कोणी येऊन गेलं, कोणती घरं ऊसतोडीला गेलेली आहेत, यावर नजर ठेवतात. मी जन्मभर शाळेत शिकवलं म्हणून मला मानाने पुढे बसवतात. पोरं नव्या दमाची. कुणाचा संशय आला की लगेच आवाज चढवतात. मी दटावते, जवळ जाऊन हळू विचारा, चारचौघांत नको. का, असं त्यांनी विचारलं की मी तुझी गोष्ट सांगते, पण अर्धीच. उरलेली तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू नाहीसही, म्हणूनच बहुतेक एवढा धीर आला.

मोठा दुष्काळ पडला त्याच वर्षीची गोष्ट, पण पावसाने दगा देण्याच्या आधीची. त्याच्याही आदल्या साली मतदान झालं तेव्हा आपली टोळी राहात्याकडच्या मळ्यांत ऊस तोडत होती. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर गावी आलो, तर शेजारच्या काकू तुला म्हणाल्या, "तुजं मत पडलं बरं का, काळजी करू नगं." तू विचारलंस, "कुनाला पडलं?" "ते काय ठावं बया, पडलं येवढं खरं." सगळ्या हसल्या, तूही हसलीस. पण चुलीपुढे बसल्यावर तुझे हात पिठातच थांबले. "माजं तोंड बगितलं न्हाई, मला इचारलं न्हाई, आन् माजं पडलं म्हनं," तू म्हणालीस. दादा, तुझे कारभारी, म्हणाले, आपल्याला काय करायचंय. ते त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्यांच्या दृष्टीने खरंही होतं, कारण आपल्याला कामावर नेणारा मुकादम सरपंचाच्याच भावकीतला होता. तोडणीला गेलेल्यांची मतं गावात कोण पाडून घेतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पुढच्या साली पुन्हा मार्चात मतदान आलं आणि पुन्हा आपण उसाच्या फडात. मुकादम सुट्टी देणार नाही म्हणून तू माझ्या काखेत कांदा दाबून बसवलास. ताप काही आला नाही, अंगाला कांद्याचा वास तेवढा आला. पण उन्हात उभं राहून माझं कपाळ असं तापलं होतं, की मुकादमानेच "पोरीला गावाला आजीकडं सोडून ये" म्हटलं. नगरहून जामखेडच्या गाडीत बसेपर्यंत मी कण्हत होते. गाडी हलल्यावर तू म्हणालीस, "बास आता. भाकर खा." तुझं ते गालातल्या गालात हसणं मला अजून दिसतं. एवढ्या खुशीत मी तुला फार कमी वेळा पाहिलं आहे.

तू शाळेत शिरतेस, मी तुझा पदर धरून. टेबलामागचा माणूस तुझ्या नावावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, झालंय मतदान. तू डावा हात त्याच्या नाकापुढे धरतेस. "हे बगा बोट. शाई हाय का कुटं? मी आत्ता गाडीतनं उतरले." भिंतीकडे उमेदवारांची माणसं बसली आहेत, सगळी गावातली, सगळी तुला ओळखणारी. त्यातला एक ओरडतो, "दोनदा मत द्यायला आली काय गं?" चोराच्या उलट्या बोंबा. तू त्याला म्हणतेस, "भाऊजी, मी कोन हाय ते तुमीच सांगा की सायबाला." तो खिडकीबाहेर बघू लागतो.

साहेब म्हणजे परगावचे चष्मेवाले गुरुजी होते. त्यांनी एक पुस्तिका काढली, पानं उलटली आणि म्हणाले, "ह्या बाईंना मत देता येतं." तुझा अंगठा घेतला, कागद दिला. तू आडोशाला जाऊन शिक्का मारलास आणि पेटीकडे निघालीस, तर त्यांनी कागद तुझ्या हातून घेऊन एका पाकिटात घातला. "पेटीत न्हाई?" तू विचारलंस. "तुमचं वेगळं ठेवावं लागतं, बाई," ते म्हणाले. आणखी काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. तुझ्या तोंडाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग टेबलावरचे कागद सारखे करत बसले. बाहेर येताना तुझी मान अशी ताठ, की मला तुझी थोडी भीतीच वाटली. "समद्यांची पेटीत, माजं येकलीचं पाकिटात," तू म्हणालीस.

तिथूनच घरी गेली असतीस तर बरं झालं असतं. पण तू शिपायाने दाखवलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेघेबाहेर बसकण मारलीस. तोडणीला कोण कोण गेलंय हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? चिठ्ठ्या देणारा नाव पुकारायचा; दुसरीच्या नावाची चिठ्ठी घेऊन कोणी आली, की तू लांबूनच हाळी द्यायचीस, "अगं, कारखान्यावरनं कवा आलीस? मला सोडून आलीस व्हय?" बाया पदरात तोंड लपवून मागे फिरायच्या. लोकांना मजा वाटू लागली, आणि खरं सांगू, तुलाही वाटू लागली. मला तर तुझा केवढा अभिमान वाटला.

मग ती आली. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, अंग चोरून चालत होती. चिठ्ठी देणाऱ्याने नाव पुकारलं, ते वरच्या आळीतल्या एका घराचं. तू ओरडलीस, "त्या घरातली सून तर आमच्या टोळीत हाय! ही कुनाची कोन?" पोरं हसली, कोणीतरी शिट्टी मारली. ती जागीच थिजली आणि वळून जवळजवळ पळतच गेली. मग शेजारच्या काकूंनी तुला सांगितलं, की टोळीत होती ती थोरली, ही त्या घरातली धाकटी सून. लग्न होऊन आली तेव्हापासून तू तिला धड पाहिलंही नव्हतंस. नाव तिचंच होतं. पहिल्यांदाच मत द्यायला निघाली होती.

तू त्याच पावली त्यांच्या घरी गेलीस. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणालीस, "माजं चुकलं. पोरीला माज्यासंगं धाडा, मी समद्यांम्होरं सांगते." तिची सासू म्हणाली, "गावाम्होरं आमच्या सुनंला खोटी पाडलीस. आता ती उंबरा वलांडनार न्हाई. तू जा." तू हात जोडलेस, मतदान संपायला आलं तरी तिथून हलली नाहीस. सून आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. मुकादमाला कळलं, आणि पुढच्या हंगामाला तो आपल्याला नेणार नाही असं त्याने दादांना तोंडावर सांगितलं. दादा तुला म्हणाले, "येका मतापायी प्वाटावर पाय आनलास." तू म्हणालीस, "लई असती तर दिलं असतं सोडून. माजं येकच हाय." मग पाऊसच पडला नाही, आणि अख्खा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. तिथे ती धाकटी सून तुझ्यापासून चार हातांवर बसायची आणि तुझ्याकडे बघायची नाही. तू मात्र बघायचीस. एकदा हातोडी खाली ठेवून तू मला म्हणालीस, "येक खरं मत माज्यामुळं गेलं. पन माजं येक खरं पडलं. फिट्टंफाट." ते तू स्वतःलाच समजावत होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी मास्तरीण झाले आणि मलाही मतदानाचं काम लागलं. प्रशिक्षणात साहेबांनी भराभर नियम सांगितले. त्यात हेही आलं. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर खऱ्या मतदाराला कागद द्यायचा आणि तो पाकिटात बंद करायचा. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते मोजणीत धरत नाहीत. पुढे कोर्टकज्जा झालाच तर पाकीट उघडतात, एरवी ते तसंच पडून राहतं. शेजारच्या बाई भराभर लिहून घेत होत्या. माझा हात चालेना. घरी आले तर तू शेजारणींना पाकिटाचीच गोष्ट सांगत होतीस.

तू अंथरुणाला खिळलीस त्या दिवसांत मला विचारलंस, "तू आत बसतीस न्हवं? माजं पाकीट त्येंनी मोजलं आसंल का गं?" मी म्हणाले, "व्हय. पहिलं तेच मोजतात." तू म्हणालीस, "मग झालं." मी खोटं बोलले, आई. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. खरं सांगितलं असतं तर तुझ्याकडे फक्त ती मागे फिरलेली पोर उरली असती.

पण परवा दुपारी एक बाई शाळेतून बाहेर आली. तोडणीवरून आली होती, आदल्या रात्रीचा प्रवास करून. तिचंही मत आधीच कोणी देऊन गेलं होतं, आणि आतल्या साहेबांनी तिचा कागद तसाच पाकिटात घातला होता. ती थेट माझ्याकडे आली. "बाई, तुमी शिकलेल्या. माजं मोजतील न्हवं?" आमच्यातली पोरं जरा लांब होती. खरं सांगितलं असतं तर ती तक्रार लिहून देऊ शकली असती, तेवढ्यासाठीच तर आम्ही तिथे बसलो होतो. तिच्या तोंडाकडे बघून माझ्या तोंडून "व्हय" गेलं. ती हसली, लेकराला कडेवर घेऊन निघून गेली.

तिचं घर मला माहीत आहे, गावाच्या खालच्या अंगाला, चालत गेलं तरी लांब नाही. ती दोन-चार दिवस आहे, मग परत फडावर जाईल. परवापासून मी हे पत्र लिहायचं निमित्त करून घरात बसून आहे.