चौथा इलेक्ट्रॉन

९ जुलै, रविवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. एरवी हा नुसता लिहायचा असतो, या वेळी खरोखर घालावा लागेल असं दिसतंय. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याहून जास्त. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्यावर घसरतो. एकवीस वर्षं हेच चाललंय.

परवा भाजी चिरता चिरता आईनं विचारलं, "तुम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांच्या हाताखाली. मग बिनसलं कशावरून?"

"एका इलेक्ट्रॉनवरून," मी म्हटलं.

तिनं सुरी खाली ठेवली, तेव्हा नीट सांगणं भागच पडलं. रक्तातल्या लोखंडाभोवती पॉर्फिरिनचं कडं असतं. आमचं कडं तसंच, फक्त एक कार्बन कमी. मधे लोखंडाचा अणू. मोजायला गेलं तर त्या लोखंडानं चार इलेक्ट्रॉन गमावलेले दिसतात. असं लोखंड दुर्मीळ, म्हणून सर खूश. मी म्हणायचो, चारही लोखंडाचेच गेले. ताई म्हणायची, लोखंडाचे तीनच गेले. चौथा कड्यानं दिलाय आणि नाव लोखंडाचं होतंय.

"मग कड्यालाच विचारायचं की!" आई म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच ते विरलंही. तू नेमकं तेच केलं होतंस. आम्ही सगळे लोखंडाकडे डोळे लावून बसलो होतो आणि तू एनएमआर यंत्रावर कड्याच्या कडेच्या हायड्रोजनांचे सिग्नल तपासत होतीस. काय काम होतं गं तुझं! नळ्या तीनदा खळबळून टिपकागदावर उपड्या वाळायच्या, चौथ्यांदा उजेडात धरून बघितल्याशिवाय त्यांत थेंब पडायचा नाही. शुद्धीकरणाच्या काचस्तंभात आपल्या संयुगाचा तपकिरी पट्टा खाली उतरायला लागला की तू जेवण सोडून त्याच्याजवळ उभी. आज माझ्या हाताखाली नऊजण आहेत. तुझ्यासारखे हात एकाचेही नाहीत, माझे तर नाहीतच.

मला तू उतावळोबा म्हणायचीस, ते उगाच नाही. मी यंत्राची सिग्नल टिपायची खिडकी नेहमीसारखी अरुंद ठेवली. खिडकीबाहेरचा सिग्नल त्या जुन्या यंत्रावर दुमडून आत यायचा आणि भलत्याच जागी उभा राहायचा. मला तो मळ वाटला. तू म्हणालीस, "खिडकी रुंद कर. मळ असेल तर जागचा हलणार नाही. कड्यानं इलेक्ट्रॉन दिला असेल तर शून्याच्या पलीकडे जाऊन बसेल." मी सरांना जाऊन सांगितलं, ताईच्या नळीत घाण आहे. सरांनी मान डोलावली आणि लेख माझ्या आकृत्यांनिशी गेला. तू शाळेत शिकवायला लागलीस. मी विभागप्रमुख झालो.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीनं तेच संयुग बनवलं. ती खिडकी रुंदच ठेवते, तिला दुसरं ठाऊकच नाही. आलेख घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हे सिग्नल शून्याच्या पलीकडे आहेत. चौथा इलेक्ट्रॉन कड्यानंच दिलाय. तुमच्या लेखात हे कसं नाही?" मी तिला कपाटातली तुझी वही काढून दिली. पान त्रेसष्टवर तू हेच सिग्नल कुठे येतील ते पेन्सिलीनं आखून ठेवलंयस. पोरगीनं आपला आलेख त्या पानाशेजारी ठेवून एकेक सिग्नल ताडून पाहिला. मग विचारलं, "या मॅडम आता कुठे असतात?"

आईला इथवर सांगितलं. पुढचं फक्त तुला.

लेख टपालात पडायच्या आदल्या दिवशी, तू जेवायला गेली होतीस तेव्हा, मी तुझी नळी यंत्रात घातली आणि खिडकी रुंद केली. सिग्नल हलले. शून्याच्या पलीकडे, तू म्हणत होतीस तिथेच जाऊन बसले. पाकीट सरांच्या टेबलावर होतं. थांबवता आलं असतं. मी नळी काढली, मोरीपाशी नेली आणि ॲसिटोननं धुतली. तुझे साडेसहा आठवडे तपकिरी होऊन वाहून गेले. तो नमुना पुन्हा बनवायला सर तुला वेळ देणार नाहीत, हे मला माहीत होतं.

तू आलीस आणि विचारलंस, "माझी नळी?" मी म्हटलं, "फुटली." तू माझा हात ओढून उजेडात धरलास, एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलंस आणि म्हणालीस, "लागलं नाही ना रे?"

दुरुस्ती लिहून झाली आहे. चूक माझी, आणि ती कळूनही मी गप्प राहिलो, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. ती पुढच्या सोमवारी जाईल, तू काहीही म्हणालीस तरी. नव्या लेखावर मात्र तुझं नाव पहिलं आणि पान त्रेसष्ट आकृती म्हणून घालायचंय, ते तुझ्या होकाराशिवाय नाही. माफ कर असं म्हणायला तोंड नाही. तुझा मला अभिमान आहे, तेव्हाही होता, आणि म्हणूनच मी भ्यायलो होतो.

नळी फुटली नव्हती, ताई.

तुझा,
हाताला काहीच न लागलेला
उतावळोबा