लालाताई, यंत्र बंद नव्हतं

ती. लालाताईस,

धाकट्या अन्सेल्मोचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत तुझे? नोगालेसला उन्हानं माणसं भाजतायत म्हणे. इथं तूसॉनमध्ये आम्ही भाजून करपलोयसुद्धा.

शेजारच्या तोमासाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याची हकीकत तुझ्या कानावर आली असेलच (तोमासा बोलली म्हणजे नोगालेसपर्यंत ऐकू जातंच). तिखटमीठ काढून टाक. मी केकवर बसलो नाही, फक्त डावं कोपर घातलं. दुधात भिजवलेला तीन मजली केक शेजारी ठेवलेला मला दिसलाच नाही, आणि त्याचा वरचा मजला पाद्रीबाबांच्या झग्यावर गेला. "डोळे आहेत की शर्टाची बटणं?" तोमासा ओरडली. दुसऱ्याच दिवशी ओबदुलियानं (बायकोला दया येते असं म्हणणाऱ्यानं माझी बायको पाहिलेली नाही) मला ओढत चर्चच्या हॉलमधल्या नेत्रतपासणीला नेलं.

भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची बारीक ओळसुद्धा मी घडाघडा वाचली आणि ओबदुलियाकडे ऐटीत पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी एका पांढऱ्या घुमटात माझं डोकं घातलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकेना. मी ओरडलो, "बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय!"

"आजोबा, यंत्र चालू आहे," त्या हळूच म्हणाल्या.

ताई, ठिपके चमकत होते, मलाच दिसत नव्हते.

काचबिंदू आहे. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं गुपचूप जातं, दुखत-खुपत नाही. आपल्या मेक्सिकन लोकांत वय वाढलं की हा फार आढळतो, आणि बहुतेकांना पत्ताच नसतो म्हणे. "घरात कुणाला होता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाही. मागून ओबदुलिया बोलली, "यांचे वडील भिंत चाचपत अंगणात जायचे."

आपण त्याला म्हातारपण म्हणत होतो, ताई.

गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी टिकतं. ओबदुलिया आग विझवावी तसे थेंब ओतते. एकूण मजेत आहे.

तुझा,
अन्सेल्मो

ता. क. : सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो. तुझी वेळ मी गुरुवारची घेतली आहे. "मला सगळं दिसतं" हे मला सांगू नकोस, मीही तेच सांगत होतो.

ता. क. २ : न्यायला आम्ही दोघं येतोय. मला गाडी चालवायला मनाई आहे, म्हणून ओबदुलिया चालवणार. ती कशी चालवते ते तुला ठाऊक आहे, तेव्हा निघण्याआधी पापनिवेदन उरकून घे.