भिमाजीने टाकलेलं कार्ड

नागापूर (अहमदनगर)
रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९७३

प्रिय गहिनीनाथ,

आज कारखान्याला सुटी. सकाळी नळाला पाऊण तास पाणी होतं, तेवढ्यात कपडे धुऊन घेतले. दहाच्या सुमारास कारखान्यातला आपला कानिफनाथ आला आणि तुझी चिठ्ठी देऊन गेला. पाडव्याच्या आत वाटण्या उरकायच्या आहेत, भिमाजीचं घर वेगळं करायचं आहे, म्हणून आणखी पंधरा दिवस रजा पाहिजे, असं तू लिहिलं आहेस. मी टाइमकीपर, रजेचे कागद माझ्याच हातून जातात, तेव्हा चिठ्ठी माझ्याकडे आली यात काही विशेष नाही. दुपारभर ती समोर ठेवून बसलो होतो. रजा मंजूर होईल, त्याची काळजी करू नकोस. हे पत्र रजेसाठी नाही.

गेल्या महिन्यात मनकर्णाच्या वर्षश्राद्धाला मी पुणतांब्याला आलो होतो. पंगत बसली तेव्हा तुझा भाऊ गोठ्याच्या कडेला उभा होता. सख्खा दीर, पण त्याला कोणी ताटावर बोलावलं नाही. तुझे वडील तात्या खाटेवरून म्हणाले, अरं त्याला बशिव की रं. तू म्हणालास, त्याला एक कार्ड टाकाया जमलं न्हाई, आन् आता जेवाया जमंल व्हय. भिमाजी तिथूनच म्हणाला, दादा, म्या सोमवारीच टाकलंय कार्ड, गंगामाईची आन हाय. तू म्हणालास, मग त्ये गंगंतच टाकलं आसंल. दोघं-तिघं हसले. भिमाजी मागच्या दाराने निघून गेला. मी मान खाली घालून जेवत होतो. तू मला आग्रहाने पुन्हा वाढलंस आणि सगळ्यांना सांगितलंस की पुण्यात हा होता म्हणून मी उभा राहिलो. 

तुला आठवत असेल, दीड वर्षापूर्वी नवी यंत्रं यायची ठरली तेव्हा मालकांच्या मनात काय होतं. नकाशे वाचता येणारी, आयटीआय झालेली मुलं घ्यायची आणि तुमच्यासारख्या जुन्या हातांना माल उचलायला लावायचं. तू लेथवर कान ठेवल्यासारखा उभा राहायचास आणि आवाजावरून सांगायचास की हत्यार बोथट झालंय. पण कागदावरची रेघ तुला कळत नव्हती आणि मायक्रोमीटर तू फडक्यात गुंडाळून ठेवायचास. त्याच सुमाराला मला त्या सरकारी अनुदानाचं परिपत्रक दिसलं. कामावर असलेल्याच माणसांना पुढचं शिकवायला पाठवलं, तर शिकवण्याची फी आणि तेवढ्या दिवसांचा निम्मा पगार सरकार कारखान्याला देणार होतं. मी ते मालकांना तीनदा वाचून दाखवलं. शेवटी ते म्हणाले, कर अर्ज, पण पैसे बुडाले तर पुढची तुकडी विसर, सरळ नवी मुलं घेईन. अर्ज मी भरला. सहा नावं मी लिहिली, पहिलं तुझं. आणि सहाही जणांनी अखेरची परीक्षा दिली पाहिजे, एक जरी गळाला तरी अनुदान मिळणार नाही, या अटीखाली कारखान्यातर्फे सहीसुद्धा मीच केली.

मनकर्णा तेव्हा काय म्हणाली ते तुझ्यासमोरच म्हणाली होती. तीन महिने तू शिकायला आणि मी तुम्हा सहा जणांची हजेरी ठेवायला पुण्याला जाणार, म्हणून ती गावी जायची बांधाबांध करत होती. मला म्हणाली, भाऊ, ह्यांचं मन लई हळवं हाय, शेळी व्याली तरी घरला पळत येत्याल, परीक्षा झाल्याबिगर सोडू नका. तू चिडलास, तर म्हणाली, चिडू नका, पास व्हा, मंग म्या तुमाला साहेब म्हणंन. मला बहीण नाही. लग्न झालं नाही, घरात दुसरं कोणी नाही. सात वर्षं भाऊबीजेला तिने मला ओवाळलं आणि मी दर वेळी खण द्यायचो, तो ती दर वेळी भडक आहे म्हणायची आणि नेसायची त्याच रंगाचं लुगडं. या दिवाळीला मी खोलीचं दार लावून बसलो होतो. मी तिच्यासाठी रडलो ते कोणाच्या समोर नाही, कारण मला तो हक्क आहे असं वाटत नव्हतं. का ते सांगतो.

पुण्यात तू जे कष्ट घेतलेस ते मी पाहिलेत. दशांश चिन्ह तुला उमगेना तेव्हा मी उसाच्या कांड्या करून दाखवल्या, एकाचे दहा, दहाचे शंभर. तू म्हणालास, येवढा ऊस वाया घालिवला, आदी सांगितलं आसतं तर खाऊनच समजलं आसतं. शेवटच्या पंधरवड्यात नकाशा पाहून तू मनात भाग फिरवायला लागलास. शिकवणाऱ्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा तुमचा सगळ्यात चांगला माणूस. मला फार बरं वाटलं होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी परीक्षा होती. गुरुवारी सकाळी तू सरावाला गेला होतास आणि वसतिगृहाच्या दारात पोस्टमनने माझ्या हातात एक कार्ड दिलं. तुझं नाव होतं. पुणतांब्याचा शिक्का होता. आणि कोपरा फाटलेला होता.

आपल्याकडे कोपरा फाटलेल्या कार्डाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. मला वाटलं, तात्या गेले. दिवाळीपासून ते खाटेवर होते, रोज आज-उद्या चाललं होतं. दुसरं काही माझ्या मनातच आलं नाही. मी असा हिशेब केला की कार्ड यायला तीन दिवस लागले, म्हणजे सगळं कधीच उरकलं असणार, मुलगा आज गेला काय आणि शनिवारी गेला काय, दहाव्याला तर पोहोचेलच. उद्याची परीक्षा चुकली तर मात्र सहाही जणांचं बुडणार, आणि मागे राहिलेल्या कानिफनाथासारख्यांना मालक हाती झाडू देणार. शिवाय मनकर्णानेच सांगितलं होतं, सोडू नका. तिच्या त्या वाक्याच्या आड मी उभा राहिलो. ते वाक्य तिने धडधाकट असताना म्हटलं होतं.

कार्ड पत्त्याच्या बाजूने माझ्या हातात होतं. मी ते उलटलं नाही. असलं कार्ड घरात नेत नाहीत म्हणून खोलीतही नेलं नाही, व्हरांड्यातल्या विजेच्या मीटरमागे खोचून ठेवलं. दुसऱ्याच्या घरची मरणाची बातमी त्याच्याआधी आपण वाचू नये, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. वाचलं असतं तर तुझ्यापुढे तोंड बंद ठेवता आलं नसतं, म्हणून मी वाचलं नाही. त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, घरचं काय कार्डबिर्ड आलं का. मी नाही म्हणालो.

शनिवारी तीनला तुझा भाग मोजला आणि साहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. चारला तार आली. मनकर्णाचं नाव होतं. तू तार माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, बघ बरं, नाव चुकलंय का. मी तुला स्टेशनवर नेलं, गाडीत बसवलं. परीक्षेचे कागद द्यायचे म्हणून मी मागे राहिलो. परत येऊन मीटरमागचं कार्ड काढलं आणि व्हरांड्यात उभ्यानेच उलटलं. भिमाजीचं अक्षर तू ओळखतोस, दुसरीतल्या पोरासारखं. वहिनीला कावीळ झाली आहे, उतार नाही, दादाचं नाव घेते, कार्ड पोचताच निघ, इतकंच. खाली तात्यांचा आशीर्वाद. ते मरणाचं कार्ड नव्हतंच. कोपरा मुद्दाम फाडलेला नव्हता, ओढताना फाटलेला होता. फाटल्या जागी अर्धं भोक आहे आणि त्याला गंज लागलेला आहे. तुमच्या घरात खुंटीजवळ तार लोंबते, तिच्यात पत्रं टोचून ठेवता. कोरं कार्डही तिथेच टोचलेलं असणार आणि घाईत भिमाजीने ते ओढून काढलं असणार. त्याला कोपऱ्याचं भानही राहिलं नसेल.

गुरुवारी सकाळी मी ते तुला दिलं असतं, तर शुक्रवारी उजाडता तू पुणतांब्याच्या स्टेशनात उतरला असतास. भिमाजीची बायको रतनबाई दहाव्याच्या दिवशी बायकांत बसून सांगत होती की मनकर्णा शुक्रवारी दिवे लागेपर्यंत चांगली शुद्धीवर होती. गाडीची शिट्टी झाली की विचारायची, हे आले का. मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होतो. एक अख्खा दिवस, गहिनीनाथ. तो मी तुमच्या दोघांचा घेतला.

दहाव्यालाच तू भिमाजीवर धावून गेलास. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, दुःखाचा भर आहे, ओसरेल, तेराव्यानंतर सांगू. मग निकाल लागला, सहाही पास झाले, अनुदान मंजूर झालं, मालकांनी दुसऱ्या तुकडीत कानिफनाथाचं नाव घातलं, तुला नव्या यंत्रावर मुख्य केलं. जो तो माझं नाव घेत होता. दर पगाराला ठरवायचो, आज बोलायचं. तू रोज आठ तास माझ्या खिडकीसमोर उभा असायचास आणि जेवणाच्या सुटीत तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवायचास. मी ती खायचो आणि पुन्हा हजेरीचं पुस्तक उघडायचो. तुझा भाऊ मात्र वर्षभर खोटा ठरला, ज्याने वेळेवर कार्ड टाकलं होतं.

आज तुझी रजेची चिठ्ठी वाचली आणि कळलं की आता मी गप्प राहिलो तर तात्यांच्या डोळ्यांदेखत घर दोन होईल, तेही माझ्या खोटेपणावर. म्हणून हे लिहिलं. कार्ड या पाकिटात ठेवलं आहे. पुणतांब्याचा शिक्का एकतीस जानेवारीचा आहे, पुण्याचा तीन फेब्रुवारीचा, दोन्ही नीट वाचता येतात. ते आधी तात्यांना दाखव, मग चार माणसांत भिमाजीच्या हातात दे आणि त्याला सांग की रंगनाथने दडवलं होतं. मला क्षमा कर असं मी लिहीत नाही, ती मागण्यासारखी नाही. तू कामावर परत येशील तेव्हा मला तोंड दाखवू नको म्हणालास तर मी मालकांना सांगून दुसरीकडे जाईन. मनकर्णा असती तर तिने काय म्हटलं असतं, याचा मी वर्षभर विचार केला, पण तिचा आवाज मला तेवढ्यापुरता ऐकूच येत नाही. संध्याकाळ झाली. उद्या सकाळच्या टपालात हे पडायला हवं. डिंकाची बाटली वाळून गेली आहे, तेव्हा सकाळच्या भाताची चार शितं घेऊन पाकीट चिकटवतो.

तुझाच, तू म्हणू देशील तोवर,
रंगनाथ