पांढरा शंख

प्रिय अनुपमा,

चार दिवस हिरकणीवाडीत घरच्या खिडकीशी पडून आहे. रोपवेचे पाळणे धुक्यातून उतरतात, परत धुक्यात विरतात. मधे मी झोपतो की जागा असतो, कळत नाही. आमच्या न्यायशास्त्रातलं एक उदाहरण, तू डॉक्टरकीकडे पळालीस म्हणून हुकलेलं, असं : कावीळ झालेल्याला पांढरा शंखही पिवळा दिसतो. पंचवीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. आता देव्हाऱ्यातला शंख रोज निरखतो. पांढराच आहे गं. पिवळे फक्त माझे डोळे.

महिन्यापूर्वी तू तालुक्याहून आलीस आणि सभेत, झऱ्याचं पाणी दूषित आहे, तीन आठवडे सगळ्या टपऱ्या बंद ठेवा, म्हणालीस. ऐन हंगाम. राहीबाईंनी विचारलं, "मग पावसाल्यात खायाचा काय गो?" तू नियमांचा कागद पुढे केलास, माझ्याकडे श्लोक होता. तो म्हटला, टाळ्या घेतल्या आणि राहीबाईंच्या टपरीवर सगळ्यांदेखत झऱ्याच्या पाण्याचं ताक प्यायलो. त्यांची सून दर्शना, सातवा महिना, हसत म्हणाली, "सर पितात, तर आपल्याला काय व्हतंय?" आणि अर्धा पेला तिनेही घेतला. तू कागद घडी करून पर्समध्ये ठेवलास. शाळेत मी सुभाषितात तुझी चूक काढायचो, तेव्हाही अशीच वही मिटून दप्तरात ठेवायचीस.

आता वाडीत अकरा जण पिवळे आहेत. दर्शना परवापासून महाडला दवाखान्यात आहे; हाक मारली तर डोळे उघडते, पण माणूस ओळखत नाही म्हणतात. पोटातलं बाळ अजून हलतंय.

रविवारी पुन्हा सभा आहे. ये. ताक, सरबत, झऱ्याचं पाणी बंद कर. मी उन्हात उभा राहून डोळे दाखवीन. पण जे आजारी नाहीत त्यांची गरम भाकरी-पिठल्याची चूल चालू राहू दे, पाणी उकळून घेण्याच्या अटीवर. हे तेव्हाच आपण दोघांनी बसून ठरवायचं होतं. तू नियम धरून बसलीस, मी टाळ्या.

सकाळी राहीबाई दवाखान्यातून कपडे न्यायला आल्या, तेवढ्यात माझ्यासाठी पेज ठेवून गेल्या. त्यांना एक गोष्ट ठाऊक नाही. ती सभा झाली त्याच्या आठवडाभर आधीपासून, झऱ्याची शंका येऊन, मी माझ्या घरात पाणी उकळून पीत होतो. मला शंख पांढरा दिसत होता, अनु. हे राहीबाईंना मीच सांगणार आहे, सभेआधी. तू नुसती शेजारी बस. श्लोक आठवायला लागलो, तर थांबव.

तुझाच,
राजेश